डाव्या पंखावरची इस्त्री

रिटायर व्हायच्या आदल्या रविवारी उत्तमराव अढाऊंनी टेप घेऊन पुढच्या खोलीचं माप घेतलं. आधी लांबी, मग रुंदी, मग खिडकीची जमिनीपासूनची उंची. त्यांची बायको शकुन तेव्हा त्याच खोलीत शिलाई मशीनवर बसली होती, कोणाच्या तरी ब्लाउजला बाही जोडत होती. टेप मशीनखालून न्यायचा होता. "पाय उचल," ते म्हणाले. तिनं पाय उचलले. कशासाठी मोजताय, हे काही तिनं विचारलं नाही. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं काढलेला माणूस, दिसेल ते मोजायची सवयच होती त्यांना.

अमरावतीच्या साईनगरात हे घर बांधलं तेव्हापासून पुढची खोली शकुनची होती. तशी कोणी लिहून दिली नव्हती. पण खिडकी उत्तरेकडची, दिवसभर सारखा उजेड, बायांना रस्त्यावरून थेट आत येता यायचं, म्हणून मशीन तिथं गेली आणि सव्वीस वर्षं तिथंच राहिली. साईनगर ते राजापेठ, अर्ध्या बायांची मापं शकुनला तोंडपाठ होती. कोणाचा डावा खांदा उतरलेला, कोणाच्या पाठीला बाक आलेला. कोणाला काही न बोलता ती ते कापडात असं जिरवून द्यायची की घालणारीला आपण सरळ आहोत असंच वाटावं.

निरोप समारंभ झाला, शाल घरी आली, आणि दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता उत्तमरावांनी सांगून टाकलं.

"पुढच्या खोलीत मी वर्कशॉप टाकून राहिलो."

"कायचं वर्कशॉप?"

"विमानाचं."

अकोटकडच्या त्यांच्या गावी लहानपणी एका वर्षी कपाशीवर फवारणी करायला विमान आलं होतं. पिवळ्या रंगाचं, झाडांच्या शेंड्याला घासून जाणारं. ती गोष्ट शकुननं लग्नानंतर निदान शंभर वेळा ऐकली असेल. आता ते तसलं विमान स्वतः बनवणार होते, रिमोटवर उडणारं. दोन वर्षांपासून ते मोबाइलवर त्याचे व्हिडिओ बघत होते. खोलीचा नकाशाही तयार होता. त्यात टेबल कुठे, लाकूड पकडायचा व्हाइस कुठे, विमानाचे पंख टांगायच्या खुंट्या कुठे, सगळं होतं. मशीन नव्हती.

"मंग माही मशीन?"

"मांगच्या बोळीत ठेव ना. तुले काय, कुठंही बसून जमते. ह्या कामाले उजेड लागते."

बोळ म्हणजे न्हाणीघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधली चार फुटांची वाट. दुपारी बारालाही तिथं ट्यूबलाइट लावावी लागायची. शकुननं मुलाला, शेखरला, पुण्याला फोन केला. तो म्हणाला, "आई, रिटायर झालेली माणसं रिकामी बसून आजारी पडतात. बाबांना छंद लागला हे चांगलंच आहे ना? थोडं अ‍ॅडजस्ट कर." आणि त्यानं वडिलांना कुरिअरनं एक छोटं ड्रिल पाठवून दिलं.

सगळ्यात आधी टेबल आलं. आलं म्हणजे आणावं लागलंच नाही. कापड बेतायचं शकुनचं सागवानी टेबल होतं, तिच्या वडिलांनी अंजनगावच्या सुताराकडून मुद्दाम करून दिलेलं. विमान जोडायचं तर पाट अगदी सपाट लागतो, सूतभर वाकला तरी सांगाडा तिरपा होतो. उत्तमरावांनी अख्खा बाजार फिरून झाल्यावर घरी येऊन त्या टेबलावर बुडबुड्याची लेव्हल ठेवून बघितली आणि खूश झाले. मग रंधा मारून वरची पॉलिश काढली, कडेला चार भोकं पाडून व्हाइस बसवला, आणि उंची जास्त होते म्हणून चारही पाय तीन-तीन इंच कापले. कापलेले तुकडे शकुनला दिले. "बंबात जाळ," म्हणाले.

मग एकेक वस्तू येत गेली. बारीक नक्षीकामाची करवत, पॉलिशपेपरचे रोल, सोल्डरिंगचं यंत्र, भिंतीवर हत्यारांसाठी भोकांचा पत्रा, दोन लांब ट्यूबा. बाल्सा नावाचं लाकूड कलकत्त्याहून यायचं, इतकं हलकं की हातात धरलं तर काही धरलंय असं वाटू नये. त्याचा भुसा पिठासारखा उडायचा, नाकात जायचा. म्हणून त्यांनी एक्झॉस्ट पंखा बसवला. पुढच्या बाजूला बसवला तर घराची शोभा जाते, म्हणून मागच्या भिंतीत बसवला. मागच्या भिंतीपलीकडे बोळ होती. पंखा सुरू झाला की भुसा आणि झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा उग्र वास सरळ शकुनच्या तोंडावर यायचा. ती पदर नाकाला बांधून शिवायची.

तिच्या टाचण्या गेल्या, कारण नकाशावर लाकडाच्या पट्ट्या टोचून धरायला टाचण्याच लागतात. तिची स्टीलची पट्टी गेली. एक दिवस तिनं कात्री शोधली, कापडाची मोठी कात्री, जिला ती कागदसुद्धा लावू द्यायची नाही. ती उत्तमरावांच्या हातात होती. चाकाची पोलादी तार त्या कात्रीनं तोडून ते दुसरी तार घेत होते.

"अवो, ती कापडाची हाये!"

"कात्री हाये न? कात्री कापतेच."

तिनं धारेवरून बोट फिरवलं. तीन ठिकाणी दात पडले होते.

हे सगळं तिनं गिळलं. सत्यवतीबाईंच्या ब्लाउजचं मात्र गिळवलं नाही. सत्यवतीबाई शाळेत मास्तरीण, वीस वर्षांची गिऱ्हाईक. त्यांच्या पोरीचं लग्न होतं, शालूवरचा रेशमी ब्लाउज शकुननं आठ दिवस खपून शिवला होता आणि घडी करून बोळीतल्या स्टुलावर ठेवला होता. उत्तमरावांनी पंखाचा एक तुकडा नुकताच चिकटवला होता. ठेवायला सपाट जागा दिसली म्हणून त्यांनी तो त्या घडीवर ठेवला. संध्याकाळी पाहिलं तर गोंद पाझरून लाकूड रेशमाला चिकटलेलं. उत्तमरावांनी एक हात लाकडाखाली घातला, जपून, तुटू नये म्हणून, आणि दुसऱ्या हातानं कापड ओढलं. तुकडा शाबूत निघाला. ब्लाउज पाठीवर वीतभर फाटला.

दुसऱ्या दिवशी सत्यवतीबाई आल्या तेव्हा शकुनच्या तोंडून शब्द निघायच्या आत उत्तमराव पुढच्या खोलीतून बोलले, "बाई, तुमी आता दुसरीकडे पाहा. हिले बरोबर दिसत नाई. डोळे गेले हिचे. मी तं सांगून थकलो, बंद कर म्हणून."

सत्यवतीबाईंनी शकुनकडे पाहिलं. शकुनच्या डोळ्यांत पाणी होतं, त्यावरून बाईंची खात्रीच पटली. त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला, "आधी सांगायचं ना गं," म्हणाल्या, आणि फाटका ब्लाउज पिशवीत घालून गेल्या. नवऱ्याला परक्या बाईसमोर खोटं पाडायचं, हे शकुनला जमलं नाही. महिन्याभरात साईनगरात सगळ्यांना कळलं की शकुनताईंना आता दिसत नाही. बाया रस्त्यात भेटून तब्येत विचारायच्या. कापड कोणी आणत नव्हतं.

"तसं काहून सांगतलं तुमी?" एकदा तिनं विचारलंच.

"मंग काय सांगू? मी फाडला म्हणू?" ते हसले. "इज्जत हाये माही ह्या गल्लीत."

उत्तमरावांचं विमान मात्र एका जागी अडलं होतं. सांगाडा झाला की त्यावर रंगीत फिल्म चढवतात, कागदासारखी पातळ. ती इस्त्रीनं गरम केली की आखडते आणि ढोलकीच्या कातड्यासारखी ताणून बसते. उत्तमरावांना ते काही केल्या साधेना. कुठं भोक पडायचं, कुठं सुरकुत्या. चौथी फिल्म जळाली तेव्हा त्यांनी इस्त्री आपटली. शकुन दारात उभी होती. ती आत आली, इस्त्रीची उष्णता मनगटाजवळ धरून पाहिली, फिल्मचा तुकडा बोटांत चोळला, आणि बसली. अर्ध्या तासात एक पंख आरशासारखा झाला.

उत्तमराव पंख उजेडात धरून बघत राहिले. तिला वाटलं, काहीतरी म्हणतील.

"दोन्हीकडून सारखी तापवत जाय," ते म्हणाले. "पंख पिळून धरला अन् वरून इस्त्री फिरवली का फिल्म त्याले तसाच धरून ठेवते. वाकडा तं वाकडा. मंग विमान एका अंगावर पडते."

पुढची सगळी विमानं शकुननंच मढवली. दोन लहान झाली, मग ते मोठं, पिवळं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सात फूट. कठोऱ्याकडच्या, प्लॉट पाडलेल्या मोकळ्या ले-आउटमध्ये उत्तमरावांनी ते दोनदा उडवलं. झकास उडालं, झकास उतरलं. विमानाची बातमी करायला पेपरवाला घरी आला. वर्कशॉपचे फोटो काढले. पंखावरून हात फिरवून म्हणाला, "सर, ही फिनिशिंग तर कंपनीसारखी आहे. कशी काय जमवली?"

"सराव," उत्तमराव म्हणाले. शकुन पोह्यांच्या बश्या घेऊन उभी होती. "पाच-सहा फिल्मा जाळल्या तेव्हा हात बसला."

जानेवारीत भाचीच्या लग्नासाठी शकुन चार दिवस अंजनगावला गेली. परत आली, बॅग ठेवायला बोळीत गेली, तर बोळ रिकामी. भिंतीला खुंट्या ठोकून त्यांवर पंख टांगले होते, लहान दोन आणि मोठे पिवळे दोन. खाली फरशीवर मशीनच्या चार पायांचे गंजके डाग होते.

"मशीन कुठं हाये?"

"गेली भंगारात. इतवाऱ्यातला माणूस आला होता." उत्तमराव पॉलिशपेपर घासत होते, त्यांनी मान वर केली नाही. "पंख कुठं ठेवू मी? अन् तू आता शिवतेस कोणाचं?"

शकुन तिथंच उभी राहिली. मग तिनं तोंड धुतलं आणि भाकरी टाकायला घेतल्या. त्या रात्री आणि पुढचे कितीतरी दिवस ती घरात पहिल्यासारखीच वागली. उत्तमरावांना वाटलं, विषय संपला.

फेब्रुवारीत अकोल्याचा कार्यक्रम ठरला. उत्तमरावांचे थोरले भाऊ खुशालराव अकोल्यात राहायचे, त्यांचं बोरगाव मंजूला हायवेला लागून शेत होतं. हरभरा निघून रान मोकळं झालं होतं. उत्तमरावांनी सगळ्यांना बोलावलं. खात्यातले जुने साहेब, बरोबरीचे ओव्हरसियर, पाहुणेरावळे, पेपरवाला. धाकटा भाऊ म्हणून जन्मभर खुशालरावांनी त्यांची टर उडवली होती, तेव्हा शेत त्यांचंच निवडलं, यात सगळं आलं.

आदल्या दिवशी विमान सुटं करून गाडीत घातलं आणि दोघं अकोल्याला मुक्कामी गेले. गाडी दुपारभर उन्हात उभी राहिली. सकाळी उत्तमरावांनी पंख बाहेर काढले, तर डाव्या पंखावरची फिल्म उन्हानं ढिली पडून सुरकुतली होती. बैठकीत माणसं जमायला लागली होती.

"शकुन! इस्त्री घे. पाच मिनिटांत कर, साहेब आले." आणि मोठ्या भावाकडे वळून म्हणाले, "हिच्याकडे एवढंच एक काम ठेवलं मी."

खुशालराव हसले. जाऊबाई सुंदराबाईंनी इस्त्री आणून दिली आणि नाश्त्याचं बघायला गेल्या. आतल्या खोलीत पलंगावर शकुन, पंख आणि इस्त्री.

आधी तिनं सुरकुत्या काढल्या, नेहमीसारख्या. पंख सरळ झाला. तिथंच थांबता आलं असतं. बाहेरून उत्तमरावांचा आवाज येत होता, साहेबांना ते वर्कशॉपची गोष्ट सांगत होते, सागवानी टेबल कसं शोधून काढलं त्याची. शकुननं इस्त्री पुन्हा टेकवली. पंखाचं टोक गुडघ्याखाली दाबलं, मागची कड डाव्या हातानं अर्धं बोट वर पिळून धरली, आणि उजव्या हातानं इस्त्री हळू, अगदी हळू फिरवली. वरून, मग खालून. फिल्म गरम झाली, आखडली, गार झाली. तिनं हात सोडला. पंख तसाच राहिला. एवढुसा पीळ, आणि वर एकही सुरकुती नाही. उतरलेला खांदा कापडात लपवणाऱ्या हाताला हे काही जड नव्हतं.

उत्तमराव आले, पंख उजेडात धरून चकाकी पाहिली, काखेत मारला आणि गेले. कडेनं डोळा लावून ते नेहमी पंख तपासायचे. त्या दिवशी साहेब उभे होते.

शेतात चाळीसेक माणसं होती. उत्तमरावांनी पांढरी टोपी घातली होती. पिवळं विमान ढेकळं काढलेल्या पट्टीवरून पळालं, उचललं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दोन माणसं उंच गेलं असेल, तोच ते डावीकडे कलायला लागलं. उत्तमरावांनी उजवीकडे ओढलं. ते सरळ झालं, पुन्हा कललं. त्यांनी जास्त ओढलं. विमान हवेत क्षणभर थांबल्यासारखं झालं आणि डाव्या पंखावर गिरकी घेऊन नाकाडावर जमिनीत गेलं. बाल्साचा आवाज पापड मोडल्यासारखा येतो. पंखांचे तुकडे तुकडे झाले.

मग खुशालरावांनी तोंडाशी हात धरून आरोळी दिली, "काय गा उत्तम, झाली काय फवारणी?"

आणि चाळीस माणसं हसली. साहेब हसले, पेपरवाला हसत हसत फोटो काढत होता. कोणीतरी म्हणालं, "हाताचं काम हाये हे, ह्या वयात होत नाई." उत्तमराव गुडघ्यांवर बसून तुकडे वेचत होते. रिमोट गळ्यात लोंबत होता. त्यांनी एकदा मान वर करून शकुनला शोधलं. ती बायांमध्ये उभी होती. ती हसत नव्हती.

जेवण न करताच दोघं परत निघाले. मूर्तिजापूर मागं पडेपर्यंत उत्तमराव नुसती गाडी हाकत होते. मग स्टीअरिंगवरचा आपला उजवा हात बघत म्हणाले, "दोनदा बरोबर उडालं होतं. काय झालं मंग?" आणि थोड्या वेळानं, अगदी हलक्या आवाजात, "शकुन, माहा हात थरथरत होता काय?"

शकुननं समोर रस्त्याकडे पाहिलं. पंखाचं सांगितलं असतं तर त्यांनी आरडाओरडा केला असता, कदाचित हातही उचलला असता, आणि आपला हात मात्र ठणठणीत आहे, याची त्यांना खात्री पटली असती.

"हो," ती म्हणाली.

"आजच?"

"आज नाई. वर्ष-दीड वर्ष झालं."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"तुमाले वाईट वाटलं असतं."

उत्तमरावांनी गाडी कडेला घेतली. दोन्ही हात मांडीवर ठेवून ते त्यांच्याकडे बघत बसले. ट्रक बाजूनं जात होते, प्रत्येक वेळी गाडी हलत होती, आणि हलणाऱ्या गाडीत हातही हलत होते. पुढं बडनेऱ्यापर्यंत त्यांनी गाडी बैलगाडीसारखी आणली.

नंतर सगळं भराभर झालं. त्यांनी गाडी चालवणं सोडलं. दाढी करताना एकदा कापलं, तेव्हापासून न्हावी घरी यायला लागला. चहा सांडेल म्हणून ते कप अर्धाच भरून मागायचे, आणि तो अर्धा कप इतका जपून उचलायचे की खरंच सांडायचा. शेखरनं रजा काढून त्यांना मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, काही नाही, मनाची भीती आहे.

"डॉक्टर काय, धा मिनिटं पाहतात," उत्तमराव मुलाला म्हणाले. "तुही आई रोज पाहते."

शेखरनं आईला बाजूला घेतलं. "आई, खरंच थरथरतो का गं त्यांचा हात?"

"आता थरथरते," शकुन म्हणाली. ते खरंच होतं.

वर्कशॉपमध्ये त्यांनी परत पाऊल टाकलं नाही. शेखरनं जायच्या आधी सगळी हत्यारं टेम्पोत भरून अकोल्याच्या एका कॉलेजला देऊन टाकली. टेबलही दिलं. "आई, तुला नवी मशीन घेऊन देऊ? खोली मोकळी झाली," तो म्हणाला.

"कशाले? कोण येऊन राहिलं आता?"

खोली तशीच बंद राहिली. शकुनला तिथं बसावंसं वाटलं नाही. तिला आता दुसरं काम होतं. शर्टाची बटणं लावून द्यायची, गोळी हातावर ठेवायची, मोबाइलवर नंबर लावून द्यायचा. उत्तमराव ओरडायचे नाहीत. कोणी आलं तर म्हणायचे, "ही हाये म्हणून मी हावो." ते असं म्हणाले की कधी कधी शकुन हातातलं काम खाली ठेवायची. एकदा तर ती पंखाचं सांगायला म्हणून त्यांच्याजवळ जाऊन बसलीही होती. पण त्यांनी मान वर करून पाहिलं, घाबरलेल्या लेकरासारखं, आणि ती म्हणाली, "काही नाई, गोळी घेतली काय ते पाहाले आली."

रोज सकाळी पूजा झाली की ते तिच्यासमोर खुर्चीवर बसतात आणि उजवा हात पुढं करतात, बोटं पसरून.

"पाहा बरं आज."

शकुन चष्मा लावते. हात आपल्या हातात घेत नाही, नुसता बघते, नीट, वेळ घेऊन. ते श्वास रोखून बसलेले असतात.

"कालच्यापेक्षा जास्त हाये," ती म्हणते, आणि चहा ठेवायला उठते.